लाँचची गाळणी

दिवाळीच्या अंकात इंधनाच्या गाळणीवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. फराळाचे ताट पुढे असताना डिझेलचा वास कशाला, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु गाळणीचे मर्म गृहिणीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? चकलीच्या भाजणीत एखादा खडा किंवा गाठ राहिली, की सोऱ्याच्या चकतीचे भोक तुंबते आणि चकली मध्येच तुटते. डिझेल इंजिनाचे नेमके असेच आहे. तिथेही एक सोऱ्या आहे, त्याला चकती आहे, चकतीला भोके आहेत. फरक एवढाच, की ती भोके सुईच्या टोकाएवढी असतात, आणि चकली तुटली तर फार तर पाहुण्यांपुढे खजील व्हावे लागते, इंजिन तुटक चालू लागले तर भर समुद्रात तरंगत बसावे लागते.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला, की मुंबईच्या आसपासच्या लाँचींचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या सुटीत गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला, भाऊच्या धक्क्याहून मोरा बंदरात, अशी हजारो कुटुंबे ये-जा करतात. शिवाय आपल्या मध्यमवर्गातही आता तीन-चार मित्रांनी भागी करून एखादी जुनी लाकडी लाँच घेण्याची हौस दिसू लागली आहे. जुनी लाँच घेताना माणूस रंग पाहतो, फळ्या ठोकून पाहतो, इंजिन किती अश्वशक्तीचे ते विचारतो. गाळणी कोणती आहे, शेवटची केव्हा बदलली आणि टाकीच्या तळाशी काय आहे, हे विचारणारा मला अद्याप क्वचितच भेटला आहे. म्हणून या खेपेला हा विषय.

प्रथम थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. त्या काळच्या इंजिनांत तेल दाबाच्या हवेने फुंकून आत सोडीत. त्यासाठी हवा दाबण्याचे मोठे यंत्र सोबत लागे, आणि लहान होडीत ते मावणे कठीणच. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ साली डिझेल पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले, तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रकात आणि लहान बोटीत सुखाने बसले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि हे पंप, नोझल व फिल्टर देशात बनू लागले. या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले, तरी बंदरावरचा मेस्त्री आजही ‘मायकोचा फिल्टर द्या’ असेच म्हणतो.

या पंपाने हवेचे यंत्र घालविले खरे, पण त्याच्या मोबदल्यात स्वच्छतेचे सोवळे मागितले. पंपाच्या पोटात एक दट्ट्या आपल्या नळीत सरकत असतो. त्या दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि चाळीस मायक्रॉनहून बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे ज्या कणाने पंपाचा जीव जातो तो कण आपल्याला दिसतच नाही! ‘आमचे डिझेल अगदी काचेसारखे आहे हो,’ असे सांगणाऱ्याच्या बोलण्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

घाण येते कोठून? पहिला शत्रू पाणी. जुन्या लाँचीत डिझेल भरण्याचे तोंड वरच्या फळीवर असते; त्याच्या झाकणाचे रबर वाळले, की पावसाचे व लाटेचे पाणी सरळ टाकीत उतरते. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आतल्या दमट हवेचे दव होऊन भिंतींवरून तळाशी ओघळते. डिझेल पाण्याहून सुमारे सातव्या हिश्शाने हलके असल्यामुळे पाणी खाली बसते आणि तेल वर तरंगते. लोखंडी टाकी त्या पाण्याने गंजते व गंजाचे पापुद्रे सुटतात.

दुसरा शत्रू सजीव आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी व जंतू वाढतात. पाण्यात राहावयाचे आणि तेल खावयाचे, असा त्यांचा संसार. विमानाच्या इंधनटाक्यांतही याच जातीच्या बुरशीने पूर्वी फार त्रास दिला आहे. टाकीत तिचा काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर होतो. औषध घालून ती मारता येते. पण मेलेली बुरशीही शेवटी गाळणीतच येऊन अडकते, हे औषध घालणाऱ्याने लक्षात ठेवावे. औषध घातल्यानंतरच्या फेऱ्यांना गाळणीचे दोन जोड जास्त जवळ असावेत.

तिसरा शत्रू म्हणजे स्वतः टाकी. घरातल्या बादलीचा अनुभव धरून कोणी जस्ताचा मुलामा दिलेली टाकी डिझेलसाठी करून घेतो. जस्त आणि डिझेल यांचे पटत नाही. त्यांतून साबणासारखा चिकट पदार्थ होतो व तो फिल्टर भरतो. तांब्याच्या संगतीतही डिझेल लवकर जुने होते आणि त्यात राळेसारखा चिकटा धरतो. जुनी लाँच विकत घेताना टाकी कशाची आहे ते अवश्य पाहावे.

या सगळ्यात एक गंमत अशी आहे, की ही घाण बंदरात कधीच त्रास देत नाही. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात एका स्नेह्यांच्या लाँचीवर मी पाहुणा होतो. दोन कुटुंबे, पाच मुले, डब्यांतून उरलेला फराळ. लाँच महिनाभर खाडीतल्या संथ पाण्यात बिनतक्रार हिंडली होती. त्या दिवशी मांडव्याहून निघून आम्ही खांदेरीच्या बाजूला गेलो. सकाळी समुद्र तेलासारखा होता. दुपारी वायव्येचा वारा सुटला, लाँच डुलू लागली आणि थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बदलला. हळू चालवावे तर चाले, जोर द्यावा तर दम टाकी. मग दोन आचके दिले आणि बंद पडले. वारा किनाऱ्याकडे ढकलीत होता आणि त्या बाजूला थळचे खडक. नाखव्याने एक शब्द न बोलता आधी नांगर टाकला, तो धरला हे दोराला हात लावून पाहिले, आणि मगच इंजिनाची फळी उघडली. फिल्टरच्या काचेच्या वाटीत आमसुलाच्या सारासारखे काहीतरी होते.

“पंधरा दिवस चाललं ना हे इंजिन?” मालक म्हणाले.

“टाकी खाडीत निजली होती शेठ,” नाखवा म्हणाला. “दर्यावर आल्यावर जागी झाली.”

यापेक्षा चांगला खुलासा कोणत्याही पुस्तकात मिळावयाचा नाही. संथ पाण्यात घाण तळाशी निपचित पडून राहते. बाहेर लाट लागली की टाकी घुसळली जाते, ताकातल्या लोण्यासारखी सगळी घाण वर येते आणि नळीच्या तोंडाशी जाते. म्हणजे इंजिनाची सर्वांत जास्त गरज ज्या घटकेला असते, नेमकी तीच घटका गाळणी तुंबण्याची! नाखव्याजवळ फिल्टरचा एक नवा जोड होता, पाना होता, आणि ते काम त्याच्या हाताला ठाऊक होते. अर्ध्या तासात इंजिन सुरू झाले. मुलांना तो सहलीचाच भाग वाटला. मोठ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते, हे त्यांना कळले नाही, एवढेच बरे.

आता निवड. डिझेल इंजिनाला गाळण्या दोन हव्यात. पहिली टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये. तिचे मुख्य काम पाणी वेगळे काढणे आणि जाड घाण अडविणे. तिच्या खाली वाटी असते, वाटीला तोटी असते. दुसरी फीड पंपाच्या पुढे, इंजिनावरच. ती बारीक, आणि इंजिनाच्या कारखानदाराने सांगितली असेल तीच बसवावी. जुन्या लाँचींत पुष्कळदा पहिली गाळणी नसतेच. ट्रकचे इंजिन आणून होडीत बसविलेले असते आणि ट्रकवर होती तेवढीच गाळणी सोबत येते. ट्रक बंद पडला तर बाजूला उभा करता येतो. होडीची गोष्ट निराळी. तेव्हा पहिला खर्च याच गाळणीवर करावा.

ती किती बारीक असावी? येथे पुष्कळांचा समज असा, की जितकी बारीक तितकी उत्तम. तसे नाही. पीठ मैद्याच्या चाळणीने थेट चाळू लागलो तर हात दुखतात आणि चाळण तुंबते. आधी साधी चाळण, मग बारीक. फीड पंप पहिल्या गाळणीतून तेल ओढून घेतो. दोन मायक्रॉनची गाळणी तिथे घातली तर ती लवकर भरते आणि पंपाला ओढ लागते. पहिल्या ठिकाणी तीस किंवा दहा मायक्रॉनची पुरे. टाकी जुनी व घाणेरडी असेल तर आरंभी तीसची घालावी, टाकी स्वच्छ झाल्यावर दहाची.

आकार मात्र मोठा घ्यावा. डिझेल इंजिन पुऱ्या जोरात दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटरच्या आत तेल जाळते. म्हणजे चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला आठ ते दहा लिटर. परंतु पंप उचलतो ते सगळे तेल जळत नाही, काही परतीच्या नळीने टाकीत जाते. तेही गाळणीतूनच गेलेले असते. तेव्हा नुसत्या जळणाचा हिशेब न करता त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेची गाळणी घ्यावी. मोठ्या गाळणीत कागद जास्त, म्हणून ती घाण जास्त पोटात घेते आणि उशिरा तुंबते.

वाटी पारदर्शक असली की पाणी दिसते, हा मोठा फायदा. परंतु इंजिनाजवळ आग लागली तर प्लॅस्टिकची वाटी वितळून सगळे डिझेल आगीत ओतले जाईल. म्हणून वाटीखाली धातूची संरक्षक ताटली असलेली गाळणीच घ्यावी, किंवा धातूची वाटी पत्करावी. परदेशांतल्या नियमांत बोटीवरच्या इंधनाच्या भागांनी अडीच मिनिटे आगीत तग धरावा अशी अट असते. अडीच मिनिटांत माणूस तेलाचा कॉक बंद करून अग्निशामक हाती घेऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अटीचे महत्त्व पटेल.

उतारू नेणाऱ्या लाँचीवर तर जोडगाळणी असावी: दोन गाळण्या शेजारी शेजारी आणि मध्ये वळविण्याचा कॉक. एक तुंबली की कॉक फिरवून दुसरी चालू करावयाची, इंजिन थांबवावे लागत नाही. ट्रॅक्टरवर जो जोडफिल्टर असतो तो निराळा. त्यात तेल आधी कापडाच्या आणि मग कागदाच्या एलिमेंटमधून एकामागून एक जाते, एक तुंबला की दोन्ही बंद. दिसायला सारखे असले तरी दुकानदाराला हा फरक स्पष्ट सांगावा. आणि शेवटचा, पण फार मोलाचा नियम: ज्याचा एलिमेंट आपल्या गावात मिळतो तीच गाळणी चांगली. कोणी आप्ताने परदेशातून आणलेली सुरेख गाळणी एलिमेंट संपल्यावर कपाटात शोभेला ठेवावी लागते.

ज्यांच्या होडीला पेट्रोलचे इंजिन आहे त्यांना दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि प्रमाणाबाहेर पाणी झाले की पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात आणि त्यांचे कण गाळणीत येतात. म्हणून पाणी वेगळे काढणारी गाळणी इथेही हवी. महिनोन् महिने पेट्रोल टाकीत ठेवू नये. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. स्कूटरवरची प्लॅस्टिकची लहान गाळणी होडीच्या पोटातल्या इंजिनाला कदापि लावू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळात साठून राहते आणि एका ठिणगीने घात करते.

आता रोजची निगा. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, रात्रभर सगळे स्थिर झालेले असताना, वाटीची तोटी उघडून अर्धा कप तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. बाटली उजेडात धरावी. पाणी असेल तर खाली वेगळा थर किंवा गोळ्या दिसतात. स्वच्छ तेल येईपर्यंत काढावे. काम पाच मिनिटांचे. काढलेले तेल डब्यात साठवावे. समुद्रात ओतू नये, त्याच पाण्यातली मासळी आपल्या ताटात येते.

डिझेल भरताना जाळीच्या नरसाळ्यातून भरावे. मांजरपाटाच्या फडक्याने गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही, आणि फडक्याचे तंतू उलट टाकीत जातात. पिंपातून तेल घ्यावयाचे असेल तर पिंप रात्रभर उभे ठेवून तळचे चार बोटे तेल सोडून द्यावे. पावसाळ्यात लाँच ओढून ठेवताना टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे दव धरायला जागाच राहत नाही.

एलिमेंट कारखानदाराने सांगितलेल्या तासांनी बदलावा. पुस्तक हरवले असेल तर दर हंगामाच्या आरंभी, आणि हंगामात दोनशे तास झाले की पुन्हा, हा ठोकताळा धरावा. कागदाचा एलिमेंट धुऊन किंवा हवेने फुंकून परत घालणे ही काटकसर नव्हे. फाटलेला कागद बाहेरून धडच दिसतो.

बदलण्याची रीत अशी: टाकीचा कॉक बंद करावा. खाली ताट ठेवावे. वाटी रिकामी करून स्वच्छ पुसावी, नवे रबरी कडे डिझेलचे बोट फिरवून बसवावे. पहिल्या गाळणीत स्वच्छ डिझेल ओतून ती भरली तरी चालेल. दुसऱ्या, बारीक गाळणीत मात्र वरून तेल ओतू नये. ओतलेले तेल गाळलेल्या बाजूला गेले तर सगळा कचरा थेट पंपात जावयाचा. ती फीड पंपाच्या हातदट्ट्यानेच भरावी. मग ‘एअर काढणे’. दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करून दट्ट्या मारीत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की दट्ट्या मारता मारताच स्क्रू आवळावा. हेच पुढे डिझेल पंपाच्या स्क्रूवर करावे. तांब्याचे वॉशर शक्यतो नवे घालावेत. इंजिन सुरू झाल्यावर सगळे जोड हाताने नव्हे, डोळ्यांनी तपासावेत. पंपापुढच्या नळीतली धार शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाची असते. बारीक भोकातून सुटली तर ती कातडीतून आत शिरते, आणि मग गाठ थेट शस्त्रक्रियेशी.

लाँचीवर कायम असावी अशी शिदोरी थोडीच आहे: दोन्ही गाळण्यांचे दोन-दोन एलिमेंट, रबरी कडी, तांब्याचे वॉशर, सुतळीने बांधलेला योग्य मापाचा पाना, रिकामी बाटली, फडकी आणि एक वही. वहीत बदलल्याची तारीख, इंजिनाचे तास आणि वाटीत काय निघाले ते लिहावे. तीन वेळा लागोपाठ पाणी निघाले तर झाकणाचे रबर पाहावे. काळा गाळ निघाला तर टाकी उघडून घासण्याला पर्याय नाही. गाळणी ही ताप मोजण्याची नळी आहे. ती बदलून ताप उतरत नाही. टाकीला हात जाईल एवढे झाकण नसेल तर ते करून घ्यावे. जुन्या लाँचीवरचा हा खर्च नव्या रंगाच्या आधी करावा.

आणि ज्यांची स्वतःची लाँच नाही, जे चार दिवस अलिबागला जाऊन येणार आहेत, त्यांना एकच विनंती. सकाळच्या लाँचीत आपण जागा धरून बसलेले असता, सुटण्याची वेळ होऊन गेलेली असते, आणि खलाशी फळी उघडून हातात बाटली घेऊन उजेडात काहीतरी निरखीत असतो. अशा वेळी घड्याळ दाखवून त्याच्यावर खेकसू नका. मुलांना जवळ बोलावून ती बाटली दाखवा आणि तो काय पाहतो आहे ते समजावून सांगा. ती पाच मिनिटे त्याने आपल्यासाठीच काढलेली असतात.